विमान इंजिनातील मिश्रण नियंत्रण

पिस्टन इंजिनाच्या लहान विमानात इंजिनात जाणाऱ्या हवेत इंधन किती मिसळावे हे वैमानिकाने हाताने ठरवण्याच्या क्रियेस मिश्रण नियंत्रण असे म्हणतात. मोटारगाडीत हे काम पूर्वी कार्ब्युरेटर आणि आता संगणक चालकाच्या नकळत करतो. सेस्ना १७२, पायपर चेरोकी यांसारख्या प्रशिक्षण विमानांत मात्र ते आजही वैमानिकाकडेच असते. त्यासाठी कॉकपिटमध्ये तांबड्या रंगाची एक मूठ किंवा दांडी असते. ती पूर्ण आत ढकलल्यास इंधन जास्तीत जास्त मिळते, बाहेर ओढत गेल्यास कमी होत जाते आणि पूर्ण बाहेर ओढल्यास इंधन बंद होऊन इंजिन थांबते.

इंधन अधिक असलेल्या मिश्रणास ‘रिच’ आणि इंधन कमी असलेल्या मिश्रणास ‘लीन’ म्हणतात. भारतातील वैमानिक आणि प्रशिक्षक मराठीत बोलतानाही हेच शब्द वापरतात. या ‘लीन’चा मराठीतील नम्र या अर्थाच्या ‘लीन’शी काही संबंध नाही. मिश्रण चुकीचे ठेवल्यास त्याचे परिणाम स्पार्क प्लग काजळण्यापासून वाटेत इंधन संपण्यापर्यंत कुठेही जाऊ शकतात.

हवा आणि इंधनाचे गुणोत्तर

पेट्रोल पूर्णपणे जळण्यासाठी त्याच्या वजनाच्या सुमारे १५ पट हवा लागते. या प्रमाणात इंधन व ऑक्सिजन दोन्ही पुरेपूर वापरले जातात. सर्वाधिक शक्ती मात्र थोड्या रिच मिश्रणावर, म्हणजे सुमारे १२.५ भाग हवेस १ भाग इंधन असताना मिळते. सिलिंडरमधील हवा आणि इंधन कधीच पूर्ण एकजीव नसते. थोडे इंधन जास्त असले की आत आलेला सगळा ऑक्सिजन कामी येतो. याउलट प्रत्येक लिटरमागे सर्वाधिक काम सुमारे १६ भाग हवा असताना मिळते, कारण तेथे हवा जास्त असल्याने सगळे इंधन कामी येते. साधारणपणे ८ ते १८ या मर्यादेबाहेरचे मिश्रण इंजिनात नीट पेटत नाही.

सर्वाधिक शक्तीचे आणि सर्वाधिक काटकसरीचे मिश्रण एक नसते. उड्डाणाच्या कोणत्या टप्प्यावर कशाची गरज आहे हे यंत्राला कळत नाही, म्हणून निवड वैमानिकावर सोपवलेली असते.

उंचीचा परिणाम

समुद्रसपाटीवर प्रमाणित वातावरणात हवेची घनता दर घनमीटरला १.२२५ किलोग्रॅम असते. १०,००० फूट उंचीवर ती सुमारे ०.९ किलोग्रॅमवर येते, म्हणजे जवळजवळ चतुर्थांश हवा कमी होते. साधा कार्ब्युरेटर ही घट पुरती ओळखू शकत नाही. त्यातील व्हेंचुरी नावाच्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाताना दाब कमी होतो आणि त्या दाबाच्या फरकाने फ्लोट चेंबरमधील इंधन जेटमधून ओढले जाते. दाबाचा फरक तेवढाच असेल तर इंधनाचा प्रवाहही तेवढाच राहतो, कारण इंधनाची घनता उंचीने बदलत नाही. पण त्याच फरकाने जाणाऱ्या हवेचे वजन तिच्या घनतेच्या वर्गमूळाच्या प्रमाणात घटते. त्यामुळे १०,००० फुटांवर मिश्रण आपोआप सुमारे १६ टक्के अधिक रिच होते. जमिनीवर १२ भाग हवेस १ भाग इंधन असलेले मिश्रण तेथे साधारण १०.३ भागांवर येते. इंजिन जड चालू लागते, फेरे कमी होतात, इंधन वाया जाते आणि न जळलेल्या कार्बनची काजळी प्लगवर बसते.

ही तक्रार केवळ डोंगराळ देशांची नाही. महत्त्व समुद्रसपाटीपासूनच्या उंचीपेक्षा हवेच्या घनतेला असते आणि तापलेली हवा विरळ असते. नागपूर विमानतळाची उंची सुमारे १,०३३ फूट आहे. मे महिन्याच्या दुपारी तेथे ४४ अंश सेल्सियस तापमान असले, तर प्रमाणित वातावरणाच्या हिशेबाने तेथील हवा सुमारे ४,७०० फुटांवरील हवेइतकी विरळ असते. या आकड्यास घनता उंची म्हणतात. पुण्याची उंची १,९०० फुटांच्या थोडी वर आहे. एप्रिलमधील ३८ अंशांच्या दुपारी तेथील घनता उंची ५,००० फुटांच्या पुढे जाते. जुहूच्या धावपट्टीवर शिकलेला वैमानिक सह्याद्री ओलांडून घाटमाथ्यावरच्या विमानतळावर उतरला आणि उन्हात तेथून पुन्हा निघाला, तर त्याच विमानातील तेच इंजिन वेगळे वागताना त्याला आढळते.

इंधन फवारणाऱ्या, म्हणजे फ्युएल इंजेक्शनच्या इंजिनातही बहुधा हाताने मिश्रण ठरवावे लागते. लहान विमानांतील इंजेक्शन प्रणाली मोटारीतील प्रणालीसारखी संगणकीय नसते. ती बव्हंशी यांत्रिक असून प्रत्येक सिलिंडरच्या आगमन झडपेपाशी इंधनाची अखंड धार सोडते.

तापमानावरून मिश्रण ओळखणे

सिलिंडरमधील गुणोत्तर वैमानिकाला दिसत नाही. ते त्याला बाहेर जाणाऱ्या वायूंच्या तापमानावरून ताडावे लागते. एक्झॉस्टच्या नळीत बसवलेल्या संवेदकाने हे तापमान मोजले जाते व त्यास ईजीटी म्हणतात. पूर्ण रिच मिश्रणापासून इंधन हळूहळू कमी करत गेल्यास ईजीटी वाढत जाते, एका बिंदूवर शिखर गाठते आणि त्यानंतर पुन्हा उतरू लागते. इंधन व ऑक्सिजन दोन्ही जवळजवळ पूर्ण वापरले जातात तेथे हे शिखर येते. शिखराच्या एका बाजूस जास्तीचे इंधन, तर दुसऱ्या बाजूस जास्तीची हवा उष्णता शोषून घेते. प्रत्यक्ष आकडा महत्त्वाचा नसतो, कारण तो संवेदकाच्या जागेनुसार बदलतो. मोजायचे असते ते शिखरापासूनचे अंतर.

सर्वाधिक शक्ती शिखराच्या रिच बाजूस सुमारे १०० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ५५ अंश सेल्सियसच्या अंतरावर मिळते. लायकमिंग कंपनी सर्वाधिक शक्तीसाठी हेच अंतर आणि काटकसरीसाठी शिखर सांगते. सेस्ना १७२एस विमानाच्या पुस्तिकेत नेहमीच्या प्रवासासाठी शिखराच्या रिच बाजूस ५० अंश फॅरनहाइट आणि सर्वाधिक काटकसरीसाठी शिखर असे दोन पर्याय आहेत.

दुसरे मापन सिलिंडर हेडच्या तापमानाचे, म्हणजे सीएचटीचे. ईजीटी मिश्रण ओळखण्यास उपयोगी पडते, तर सीएचटीवरून सिलिंडरवर प्रत्यक्ष किती ताण येत आहे हे समजते. बऱ्याच लायकमिंग इंजिनांत सीएचटीची कमाल मर्यादा ५०० अंश फॅरनहाइट, म्हणजे २६० अंश सेल्सियस असते. पण इंजिन दीर्घकाळ टिकावे म्हणून वैमानिक ते ४०० अंश फॅरनहाइटच्या आत ठेवण्याचा प्रयत्न करतात. सीएचटी सर्वाधिक असते तो बिंदू ईजीटीच्या शिखरावर नसून त्याच्या थोडा रिच बाजूस, साधारण २५ ते ५० अंश फॅरनहाइटच्या अंतरावर असतो. पुढील सगळ्या वादाचे मूळ या एका गोष्टीत आहे.

ज्या विमानात ईजीटी मापक नाही आणि प्रोपेलरच्या पात्यांचा कोन स्थिर आहे, तेथे फेऱ्यांच्या मापकाकडे पाहून काम भागते. मूठ सावकाश बाहेर ओढली की फेरे किंचित वाढतात, मग घटू लागतात आणि इंजिन अडखळते. सर्वाधिक फेऱ्यांच्या बिंदूपासून मूठ जराशी आत ढकलली की मिश्रण बरोबर समजले जाते. अडखळणे म्हणजे इंजिनाला इजा होत आहे असे नव्हे. कार्ब्युरेटरकडून चारही सिलिंडरांना सारखे मिश्रण पोहोचत नाही. त्यांपैकी सर्वांत कमी इंधन मिळणारा सिलिंडर आधी शक्ती गमावतो आणि इंजिन थरथरू लागते.

उड्डाणाच्या टप्प्यांनुसार वापर

इंजिन सुरू केल्यावर जमिनीवर बहुतेक विमाने पूर्ण रिच मिश्रणावर गरजेपेक्षा कितीतरी जास्त इंधन घेतात. नेहमीच्या १००एलएल या निळ्या विमान पेट्रोलमध्ये दर लिटरला ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसे असू शकते. ते प्लगवर साचू नये म्हणून इंधनात ब्रोमीनचे संयुग मिसळलेले असते, परंतु मंद चालणाऱ्या थंड इंजिनात त्याचा पुरेसा उपयोग होत नाही. यासाठी जमिनीवर चालताना मिश्रण लीन करतात, आणि तेही भरपूर. याचे कारण सुरक्षेचे आहे. मूठ बरीच बाहेर असेल तर उड्डाणासाठी थ्रॉटल उघडताच इंजिन गुदमरते आणि विसरलेली गोष्ट धावपट्टीवर आठवते. मूठ अर्धवट बाहेर राहिल्यास इंजिन चालते, विमान वर जाते आणि नेमके पूर्ण शक्ती लागते त्या वेळी सिलिंडर तापतात. धोका अर्धवट लीन मिश्रणात अधिक आहे.

कमी उंचीच्या विमानतळावरून पूर्ण शक्तीने उड्डाण करताना मिश्रण पूर्ण रिच असते. येथे जादा इंधन जळण्यासाठी दिलेले नसते. ते बाष्प होताना उष्णता घेते, ज्वलन मंदावते आणि सिलिंडरमधील कमाल दाब आटोक्यात ठेवते. त्यामुळे डेटोनेशन टळते. ज्वाला पोहोचण्यापूर्वीच उरलेले मिश्रण एकदम भडकण्याच्या या प्रकारामुळे पिस्टन काही मिनिटांत निकामी होऊ शकतो.

उंच किंवा तापलेल्या विमानतळावर हा नियम उलटतो. अमेरिकेतील कोलोराडो राज्यात लेडव्हिल येथील विमानतळ ९,९३४ फुटांवर आहे. तेथे टर्बोचार्जर नसलेल्या विमानाने पूर्ण रिच मिश्रणावर धाव घेतल्यास आधीच घटलेली शक्ती आणखी घटते. अशा ठिकाणी ब्रेक लावून थ्रॉटल उघडतात, सर्वाधिक फेरे मिळेपर्यंत मिश्रण लीन करतात, किंचित रिच करतात आणि मग निघतात. टर्बोचार्जर असलेले इंजिन हवा दाबून घेत असल्यामुळे त्याला ही सवलत नाही. त्याचे मिश्रण उड्डाणाच्या वेळी सामान्यतः पूर्ण रिचच असते.

चढाईत मिश्रण केव्हा लीन करावे हे प्रत्येक विमानाच्या पुस्तिकेत दिलेले असते. प्रवासाच्या उंचीवर ७५ टक्के किंवा कमी शक्तीवर बहुतेक लायकमिंग इंजिने कोणत्याही उंचीवर लीन करता येतात. ‘५,००० फुटांखाली मिश्रणाला हात लावू नये’ ही अनेक प्रशिक्षण संस्थांत ऐकू येणारी सूचना मुळात पूर्ण शक्तीच्या चढाईसाठी होती. सपाट प्रवासाला ती लावणे चुकीचे आहे.

पल्ल्याचा हिशेब येथेच बिघडतो. सेस्ना १७२एसमध्ये वापरण्याजोगे इंधन सुमारे २०० लिटर असते. पुस्तिकेतील पल्ल्याचे तक्ते मिश्रण लीन केले आहे असे धरून तयार केलेले असतात. तक्ता पाहून नियोजन करणारा आणि मूठ पूर्ण आत ठेवून उडणारा वैमानिक प्रत्येक तासाला राखीव इंधन खात असतो.

उतरताना हवा दाट होत जाते. उंचीवर बरोबर असलेले मिश्रण खाली अतिशय लीन होते, म्हणून मूठ टप्प्याटप्प्याने आत ढकलावी लागते. विसर पडल्यास उतरण्याचा प्रयत्न सोडून पुन्हा वर जाण्यासाठी थ्रॉटल उघडताच इंजिन दगा देऊ शकते.

उड्डाण संपल्यावर इंजिन किल्लीने न थांबवता मूठ पूर्ण बाहेर ओढून थांबवतात. मॅग्नेटोची तार तुटलेली असेल तर किल्ली बंद असूनही प्लगला ठिणगी मिळू शकते. सिलिंडरमध्ये इंधन उरले असेल आणि कोणी प्रोपेलर हाताने फिरवला तर तो उसळून जीव घेऊ शकतो. इंधन तोडून थांबवलेल्या इंजिनात पेटण्यासाठी काही उरत नाही. थांबण्याच्या क्षणी फेरे २५ ते ५० ने वाढून मग पडले, तर मंद गतीचे मिश्रण योग्य बसवले आहे असे मेकॅनिक मानतात.

कार्ब्युरेटरमधील बर्फ

दमट हवेत, बाहेर उन्हाळा असतानाही, व्हेंचुरीत तापमान पडून बर्फ साचू शकते. त्याने हवेचा मार्ग अरुंद होतो आणि मिश्रण रिच होते. उपाय म्हणून एक्झॉस्टभोवती तापवलेली हवा आत घेतात, पण गरम हवा विरळ असल्याने ती मिश्रण आणखी रिच करते आणि इंजिन प्रथम अधिकच अडखळते. अननुभवी वैमानिक घाबरून गरम हवा बंद करतो आणि बर्फ तसेच राहते. गरम हवेची आणि मिश्रणाची मूठ अनेक विमानांत एकाच फळीवर जवळजवळ असते. एक समजून दुसरी ओढल्याने हवेतच इंजिन बंद झाल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. मिश्रणाची मूठ तांबडी व खाचदार, थ्रॉटल काळा आणि प्रोपेलरची मूठ निळी, हा संकेत अशाच चुका टाळण्यासाठी रूढ झाला.

शिखराच्या लीन बाजूचा वाद

‘लीन मिश्रणाने इंजिन जळते’ हा समज वैमानिकांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तो अर्धा खरा आहे. पूर्ण रिचपासून मूठ ओढू लागल्यावर सुरुवातीला सीएचटी खरोखर वाढते, आणि जो तेथेच थांबतो त्याचा अनुभव त्या समजाला दुजोरा देतो. पण शिखर ओलांडून पुढे गेल्यास सीएचटी आणि सिलिंडरमधील कमाल दाब दोन्ही उतरतात. लीन मिश्रण सावकाश जळते. मॅग्नेटोची ठिणगी ठरलेल्या वेळीच, बऱ्याच इंजिनांत पिस्टन वर पोहोचण्याच्या २० ते २५ अंश आधी पडते. ज्वलन सावकाश झाले की दाबाचा कळस उशिरा, पिस्टन खाली निघाल्यावर येतो आणि धक्का सौम्य होतो. शिखराच्या जरा रिच बाजूचा, सर्वांत जलद व तप्त ज्वलनाचा पट्टा जास्त शक्तीवर टाळण्यासारखा असतो. कमी शक्तीवर हा पट्टा अरुंद होत जातो आणि सुमारे ६० टक्क्यांखाली मिश्रण कोठेही ठेवले तरी फारशी हानी संभवत नाही.

लीन बाजूस शक्ती हवेऐवजी इंधनाच्या प्रवाहावर अवलंबून असते. संपीडन गुणोत्तर ८.५ असलेल्या इंजिनात तासाला जाळलेल्या प्रत्येक लिटरमागे सुमारे ४ अश्वशक्ती मिळते, असा हिशेब त्यासाठी वापरला जातो.

ही पद्धत वापरण्यात खरी अडचण सिलिंडरांमधील असमानतेची आहे. एक सिलिंडर शिखराच्या लीन बाजूस असताना दुसरा अजून रिच बाजूच्या तप्त पट्ट्यात असू शकतो. १९९० च्या दशकात अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यातील ‘गॅमी’ या कंपनीने प्रत्येक सिलिंडरसाठी जुळवून घेतलेले इंजेक्टर विकण्यास सुरुवात केली आणि प्रत्येक सिलिंडरचे तापमान वेगळे दाखवणारे मापकही प्रचलित झाले. त्यानंतर लीन बाजूने उडणे खासगी वैमानिकांना सुलभ झाले. उत्पादकांचे मात्र एकमत झाले नाही. लायकमिंगने सामान्य वैमानिकासाठी या पद्धतीची शिफारस केलेली नाही. याउलट १९८० च्या दशकातील पायपर मालिबू या कॉन्टिनेंटल इंजिनाच्या विमानाची पुस्तिकाच शिखराच्या लीन बाजूस ५० अंश फॅरनहाइटवर प्रवास करण्यास सांगत होती. कार्ब्युरेटरच्या साध्या प्रशिक्षण विमानात ही चर्चा फारशी लागू पडत नाही. तेथे इंजिन सहसा शिखरापाशी पोहोचल्यावर लवकरच थरथरू लागते.

इतिहास

राइट बंधूंच्या १९०३ च्या सुमारे १२ अश्वशक्तीच्या इंजिनात खऱ्या अर्थाने कार्ब्युरेटर नव्हता आणि वैमानिकाला मिश्रणावर ताबाही नव्हता. पहिल्या महायुद्धातील फिरत्या सिलिंडरांच्या इंजिनांत हवा आणि इंधन वेगवेगळ्या दांड्यांनी सोडावे लागत असे. सॉपविथ कॅमल विमानात जमीन सोडल्यानंतर थोड्याच वेळात मिश्रण लीन करावे लागे. तसे न केल्यास इंजिन गुदमरे आणि आधीच लहरी असलेले ते विमान नवशिक्याला घेऊन कोसळे.

मिश्रण आणि पल्ला यांचा संबंध दुसऱ्या महायुद्धात ठळकपणे पुढे आला. १९२७ मध्ये न्यूयॉर्क ते पॅरिस हा ३३ तासांहून अधिक काळाचा एकट्याचा प्रवास करणारा चार्ल्स लिंडबर्ग १९४४ मध्ये नागरिक म्हणून नैऋत्य पॅसिफिकमधील पी-३८ लढाऊ विमानांच्या तुकड्यांत गेला. कमी फेरे, जास्त मॅनिफोल्ड दाब आणि लीन मिश्रण ही त्याची पद्धत वैमानिकांना आधी इंजिनाशी केलेला खेळ वाटली. पण त्याच विमानांचा पल्ला तिने बराच वाढवला. युद्धानंतर डीसी-७ आणि सुपर कॉन्स्टेलेशन या प्रवासी विमानांचे फ्लाइट इंजिनिअर शक्तीमापकाकडे पाहून, सर्वाधिक शक्तीपासून ती सुमारे १० टक्के घटेपर्यंत, मिश्रण लीन करत. जेट विमाने आल्यावर हे कौशल्य विमान कंपन्यांतून नाहीसे झाले आणि लहान विमानांपुरते उरले.

स्वयंचलित नियंत्रण

ऑस्ट्रियातील रोटॅक्स ९१२ मालिकेच्या कार्ब्युरेटरच्या इंजिनांत मिश्रणाची मूठ नसते. त्यांचे कार्ब्युरेटर उंचीचा फरक बऱ्याच अंशी स्वतः भरून काढतात. २०१२ मध्ये आलेल्या ९१२ आयएस या इंजिनात इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन आहे. डायमंड डीए४२ सारख्या विमानांतील डिझेल इंजिनात प्रत्येक इंजिनामागे शक्तीची एकच दांडी असते आणि बाकीचे संगणक पाहतो. तरीही जुन्या रचनेची लायकमिंग आणि कॉन्टिनेंटल इंजिने मोठ्या संख्येने उड्डाणात आहेत. मॅग्नेटो आणि यांत्रिक इंधनपंपावर चालणारे असे इंजिन विमानातील सगळी वीज गेली तरी चालू राहते, हा गुण वैमानिक आणि मालक सहजासहजी सोडत नाहीत.